नावाची ख्रिस्ती

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो असा : ‘नावाचा ख्रिस्ती आणि खरा ख्रिस्ती’. विषय ऐकताच मला फार सोपा वाटला. चार दिवस मी त्यावर विचार केला. नावाचे ख्रिस्ती म्हणून माझ्या डोळ्यांपुढून एकामागून एक पुष्कळ माणसे गेली. नाताळाला आणि शुभ शुक्रवारीच तेवढी चर्चमध्ये दिसणारी गेली, मंडळीच्या निवडणुकीत भांडणारी गेली, दानार्पणाची पिशवी समोर आली की डोळे मिटून प्रार्थना करणारीही गेली. पाचव्या दिवशी लक्षात आले की ह्या मिरवणुकीत सगळे आहेत, फक्त मी नाही. तेव्हा मला हा विषय अवघड वाटू लागला.

आपण रत्नागिरीची माणसे. आपल्याला नाव आणि वस्तू ह्यांतला फरक कोणी मुंबईपुण्याहून येऊन सांगायला नको. सन २०१८ मध्ये आपल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले आणि ते नाव कोणत्या आंब्याने लावावे हे कायद्याने ठरले. तरी अजून परराज्यातला आंबा आपल्या नावाच्या पेटीत जाऊन बसतो, आणि मुंबईचे गिऱ्हाईक पेटीवरचे नाव वाचून पैसे मोजते. ही झाली लबाडी. पण त्याहून वाईट प्रकार म्हणजे साका. इथे लबाडी कोणाचीच नसते. झाड आपले, फळ आपले, रंग केशरी, वास घमघमणारा, देठाशी डाग नाही. पाहुण्यापुढे ताट मांडावे, सुरी घालावी, आणि आतला गर निघावा पांढरट, बरड, आंबट. उन्हाने तापलेल्या जमिनीची धग हे त्याचे एक कारण सांगतात. कारण काही असो, कापल्याशिवाय साका कळत नाही, आणि आंब्याला स्वतःला तर तो कधीच कळत नाही.

मत्तयाच्या सातव्या अध्यायात प्रभूने फळांवरून झाड ओळखण्याची गोष्ट सांगितली आहे, आणि तिला अगदी लागून, मला तोंडाने प्रभू म्हणणारा प्रत्येक जण स्वर्गाच्या राज्यात जाईलच असे नाही, हेही सांगितले आहे. हे शब्द परक्यांना उद्देशून नाहीत, जे त्याला प्रभू म्हणतात त्यांच्यासाठीच आहेत. म्हणजे आपल्यासाठीच.

आता माझ्या घरातली एक गोष्ट सांगते. सांगायला लाज वाटते, पण ती न सांगता ह्या विषयावर बोलण्याचा मला अधिकार पोहोचत नाही.

गेल्या नाताळाआधी शब्बाथ शाळेची मुले गाण्याच्या तालमीसाठी आमच्या घरी आली होती. मी चहा केला. मुले अपेक्षेपेक्षा जास्त, आणि कप कमी पडले. एक आठनऊ वर्षांची मुलगी स्वयंपाकघरात आली आणि मोरीवरच्या खिडकीत पालथा घातलेला एक कप तिने उचलला. कान तुटलेला, पांढरा, निळ्या काठाचा कप. मी चटकन म्हणाले, “तो नको ग, तो...” आणि थांबले. मुलगी कप हातात धरून वाट पाहत उभी राहिली. तिला वाटले असेल, कप चिरलेला आहे, किंवा खराब आहे. पण तो चिरलेला नव्हता आणि खराबही नव्हता. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंचा तो कप. त्या वेळी त्या मोरीशीच उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. नळ सोडून त्या भांडी विसळू लागल्या.

भगिनींनो, माझे ते वाक्य अजून पुरे झालेले नाही. ते काय म्हणून पुरे करणार? तो कप वेगळा कोणी ठेवला म्हणाल तर सासूबाईंच्या वेळेपासून तसाच होता, असे मी सांगू शकते. पण सासूबाई जाऊन पुष्कळ वर्षे झाली, आणि त्यानंतर त्या खिडकीतला कप रोज माझ्या डोळ्यांसमोरच होता. महिन्यातून एकदा मी प्रभुभोजनाला पुढे जाते. एक भाकर मोडली, एक प्याला सर्वांसाठी, हे शब्द ऐकते, आमेन म्हणते, आणि घरी येऊन दोन तऱ्हेच्या कपांतून चहा ओतते. मला कोणी विचारले असते, तुम्ही जात मानता का, तर मी रागावले असते. आपण ख्रिस्ती, आपल्यात जात नाही, असे मी ठणकावून सांगितले असते. आंब्याला साका कळत नाही म्हणतात ते असे.

त्या दिवसापासून मी पुन्हा लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ काढून बसले. हे पुस्तक १९३४ ते १९३६ ह्या काळात चार भागांनी बाहेर आले. ते आपण शाळेत असताना वाचलेले असते, हसण्यासाठी वाचलेले असते, आणि टिळकांचा विसरभोळेपणा तेवढा लक्षात राहतो. ह्या खेपेला मला त्यात हसू कमी आले.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ मधला, नाशिकजवळच्या जलालपूरचा. त्यांच्या वडिलांना सोवळ्याचे वेड होते. वेड हा शब्द मी मोजून वापरते. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही, मीठसुद्धा धुवायचे. मीठ धुतले तर मागे काय उरणार, हा प्रश्न त्या घरात विचारण्याची सोय नव्हती. अशा घरातली ही मुलगी. लहान वयात नारायण वामन टिळकांशी तिचे लग्न झाले. हे टिळक म्हणजे आपल्याच जिल्ह्यातल्या करजगावचे, जन्म १८६१ मधला. कवी, बुद्धिमान, तापट, आणि एका जागी न टिकणारे. आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. डोंगरावरील प्रवचनाने ते हलले, आणि १० फेब्रुवारी १८९५ ह्या दिवशी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बायको त्या वेळी जवळ नव्हती. तिला ही गोष्ट आधी विश्वासात घेऊन सांगितलेली नव्हती.

त्या बातमीने लक्ष्मीबाईंचे काय झाले असेल ते आपण बायकांनीच समजून घ्यावे. नवरा जिवंत आहे, पण समाजाच्या हिशेबी गेल्यातच जमा. पदरात लहान मुलगा. सहानुभूती दाखवायला येणारी माणसे दुःखावर मीठ चोळून जाणारी. सुमारे साडेचार वर्षे त्या नातेवाइकांच्या आधाराने वेगळ्या राहिल्या. टिळकांनी दुसरे लग्न केले नाही, आणि लक्ष्मीबाईंनी त्यांचा नाद सोडला नाही.

पुढे त्या टिळकांकडे राहायला आल्या. इथे मी जरा थांबते, कारण माझ्या विषयाचे मर्म मला इथे सापडले. त्या आल्या, पण ख्रिस्ती झाल्या नाहीत. आपली चूल त्यांनी वेगळी ठेवली, आपले पाणी वेगळे ठेवले. नवरा मिशनमध्ये, भोवताली सगळी ख्रिस्ती वस्ती, आणि तिच्या मध्यभागी ही बाई आपले सोवळे सांभाळून स्वयंपाक करते आहे. विचार करा, त्यांना बाप्तिस्मा घेणे किती सोपे होते! नवऱ्याचा आनंद, मुलाचे भवितव्य, मिशनच्या लोकांचे प्रेम, संसाराची पुन्हा बसलेली घडी, सगळे एका ओंजळभर पाण्यावर ठरणार होते. दुसरी एखादी म्हणाली असती, नवऱ्यामागे बायकोने जावे ही तर आपली रीतच आहे. त्यांनी तसे केले नाही. मनाला पटले नाही तोवर नाव घेतले नाही. आणि टिळकांनीही त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. त्यांच्या तापट स्वभावाच्या कितीतरी गोष्टी ह्या पुस्तकात आहेत, म्हणून ही गोष्ट मला अधिक मोठी वाटते.

मग एक दिवस त्यांच्या मनात प्रश्न उभा राहिला की ह्या जाती देवाने केल्या की माणसांनी? त्या प्रश्नाशी त्या एकट्याच झगडल्या. शिकवायला पाळक नव्हता, वादाला पंडित नव्हता. माणूस सगळीकडे सारखाच जन्मतो आणि सारखाच मरतो, मग ही वाटणी देवाची नव्हे, असे त्यांच्या मनाने घेतले. आणि आता कोणाच्याही हातचे खाईन, कोणाच्याही हातचे पाणी पिईन, हे त्यांनी टिळकांना सांगून टाकले. ज्या मुलीने मीठ धुताना पाहिले होते, तिने हे सांगितले. आणि नुसते सांगितले नाही, तसे वागल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये.

हा क्रम ध्यानात घ्या. आधी चूल बदलली, मग नाव बदलले. आमच्या घराचा क्रम उलटा झाला. नाव तीन पिढ्यांपूर्वी बदलले आणि खिडकीतला कप राहिलाच. टिळकांच्या घराशेजारी सोवळ्याने वेगळी चूल पेटवणारी, बाप्तिस्मा न घेतलेली लक्ष्मीबाई, आणि उपासनेत पहिल्या बाकावर बसणारी मी, ह्या दोघींत त्या क्षणी प्रभूच्या जवळ कोण होते, हे मला कोणी विचारू नये. त्यांचे सोवळे निदान प्रामाणिक होते. ज्या दिवशी ते खोटे वाटले त्या दिवशी त्यांनी ते टाकले. माझे सोवळे असे, की ते आहे हे मी स्वतःलाही कबूल केले नव्हते.

पुढे त्यांच्या घरात दुष्काळातली अनाथ मुले आली. ही मुले कोणत्या जातीची, हा प्रश्न मग त्या घरात उरला नाही. संसारात पैसा टिकत नसे, कारण टिळकांच्या हाताला देण्याची सवय आणि ठेवण्याची मुळीच नाही. मुलांना जेवू घालायचे, निजवायचे, दुखलेखुपले पाहायचे हे काम कविता करून होत नाही. ते लक्ष्मीबाईंनी केले.

आता दुसरे उदाहरण घेते, ते पंडिता रमाबाईंचे. त्यांच्याविषयी ह्या व्यासपीठावरून पुष्कळदा बोलले गेले आहे, म्हणून चरित्र सांगत नाही. एकच गोष्ट सांगते, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. रमाबाईंनी सप्टेंबर १८८३ मध्ये इंग्लंडातील वाँटेज येथे लहान मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. मार्च १८८९ मध्ये मुंबईस शारदासदन काढले. म्हणजे जगाच्या दृष्टीने त्या ख्रिस्ती तर होत्याच, वर विधवांसाठी आयुष्य वेचणाऱ्या ख्रिस्ती होत्या. टिळा लावायला जागा नाही असे आचरण. आणि तरीही १९०७ मध्ये आपली साक्ष लिहिताना त्या कबूल करतात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त तो सापडला नव्हता.

मी हे प्रथम वाचले तेव्हा मला ते विनयाचे बोलणे वाटले. मोठी माणसे असे बोलतात, असे आपण म्हणतो आणि पान उलटतो. पण रमाबाईंचा स्वभाव शोभेचे बोलण्याचा नव्हता. त्यांनी बिशपांशी आणि शास्त्र्यांशी सारखाच वाद घातलेला आहे. त्या लिहितात तेव्हा ते तसेच असले पाहिजे. आणि मग मनात येते, की हे त्यांनी छापून कशासाठी सांगितले? त्यांच्यावर टीका करणारे कमी होते का? धर्मांतराचा राग धरून बसलेल्या लोकांच्या हाती हे आयते कोलीतच होते. बघा, बाईच म्हणते आहे की आठ वर्षे काही सापडले नव्हते! तरी त्यांनी सांगितले. मला वाटते, ज्याला खरे सापडते त्याला आधीचे खोटे झाकावेसे वाटत नाही. आपण झाकतो.

केडगावच्या मुक्तिसदनाचे काम तर सर्वांना माहीत आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई स्वतः मध्यप्रांतात गेल्या आणि उपासमारीने हाडांचे सापळे झालेल्या शेकडो मुली व बायका घेऊन आल्या. त्यांनी स्वतः तरुणपणी दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गमावली होती. भूक म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकायचे नव्हते. त्या मुलींना त्यांनी नुसते अन्न दिले नाही. शेती, विणकाम, छापखान्याचे खिळे जुळवणे असले उद्योग शिकवले. मनोरमाबाई आंधळ्या मुलींना ब्रेल लिपी शिकवीत. आणि रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून सगळे बायबल साध्या मराठीत आणले, खेड्यातल्या बाईला समजेल अशा मराठीत. संस्कृत ज्यांच्या जिभेवर नाचत होते त्या बाईने मुद्दाम सोपे लिहिले, ह्यात केवढा त्याग आहे हे आपल्यापैकी ज्यांना चार जड शब्द येतात त्यांना कळेल. रमाबाई एप्रिल १९२२ मध्ये वारल्या. ते संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि ते मुक्तिसदनाच्याच छापखान्यात बायकांच्या हातून छापले गेले.

टिळकांविषयीही आपल्या जिल्ह्याचा अभिमान म्हणून दोन शब्द बोलते. आपण त्यांची भजने ‘उपासना संगीता’तून दर आठवड्याला गातो. त्यांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी आणि पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांना जागा होती. पुष्कळ ख्रिस्ती लोकांना हे तेव्हा पटले नाही, आणि मला वाटते आजही सर्वांना पटणार नाही. मलाही सगळे पटते असे नाही. बाप्तिस्मा ही काही फेकून देण्याची गोष्ट नव्हे. पण पंचावन्न वर्षांच्या माणसाने महिन्याचा पगार सोडून देणे म्हणजे घरातल्या बाईच्या डब्यात हात घालणे, हे आपण संसार करणाऱ्या जाणतो. ते त्यांनी केले आणि लक्ष्मीबाईंनी ते सोसले. दोनच वर्षांनी, मे १९१९ मध्ये, टिळक गेले. त्यांनी सुरू करून अर्धवट ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरे केले. जिला टिळकांनी अक्षरओळख करून दिली त्या बाईने!

आपल्या शेजारणी इथे बसल्या आहेत, म्हणून एक गोष्ट स्पष्ट करते. खरे ख्रिस्ती असणे म्हणजे ख्रिस्ती नसलेल्यांहून वरचढ असणे, असे मी म्हणत नाही. आपल्या ह्याच गावात १८७५ मध्ये कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय निघाले, आणि त्याला नाव आहे दिनशा माणेकजी पेटिट ह्यांचे. हे गृहस्थ पारशी. कुष्ठरोग्याच्या अंगाला हात लावणारा प्रभू आमचा, त्याची कथा आमच्या पुस्तकात, आणि ह्या गावात कुष्ठरोग्यांच्या डोक्यावर छप्पर आले ते एका पारश्याच्या नावाने. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगताना प्रभूने नेमके हेच केले होते. त्याने याजकाला आणि लेव्याला रस्त्याच्या कडेने पुढे जाऊ दिले आणि परक्याला थांबवले. आपण शब्बाथ शाळेत ती गोष्ट शिकवताना स्वतःला त्या शोमरोन्याच्या जागी धरतो. वास्तविक आपली जागा याजकाच्या शेजारी आहे, हे आपल्या ध्यानात येत नाही.

उलट बाजूही आहे. आपल्या देशात अशी पुष्कळ कुटुंबे आहेत की जी मनाने ख्रिस्ती आहेत, घरात रोज प्रार्थना करतात, पण सरकारी कागदावर तसे लिहीत नाहीत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठरल्या. पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यांत घेतले गेले. ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. म्हणजे ज्या घराने पिढ्यान् पिढ्या अस्पृश्यता सोसली, त्या घराने ख्रिस्ताचे नाव कागदावर लिहिले की मुलाची शिष्यवृत्ती गेली, नोकरीची राखीव जागा गेली. अशा घरातल्या आईला भित्री म्हणून आपण नावे ठेवतो. मी स्वतः ठेवली आहेत. आज मला वाटते की माझ्याजवळ नाव आहे आणि कप आहे, तिच्याजवळ नाव नाही आणि कपही नाही. तिने खरे तेच लिहावे असे मला अजूनही वाटते. पण ते तिला सांगायला जाणारी मी कोण? ज्या मंडळीने तिच्या मुलासाठी स्थळ आले तर “तशी माणसे कुठली?” असे हळूच विचारायचे, तिने तिला धैर्य शिकवायचे?

हा “कुठली” शब्द आपल्या मंडळींत फार चालतो. आपण जात विचारत नाही. आपण विचारतो, मूळ गाव कोणते, आजोबा कुठल्या मिशनचे, आडनाव आधी काय होते. ह्या तीन प्रश्नांत सगळे कळते. मागच्या दहा वर्षांत आपल्या मंडळात जी लग्ने बोलली गेली, त्यांतल्या कितींत हे तीन प्रश्न विचारले गेले नाहीत, ते ज्यांनी बोलणी केली त्यांनी आपापल्या मनाशी मोजावे. मोठ्याने सांगू नये, सभा लांबेल.

तसेच पैशाचे. आपण रविवारी दशमांशाचे पाकीट घालतो आणि सोमवारी मिरकरवाड्याच्या कोळणीशी दहा रुपयांसाठी पाच मिनिटे घासाघीस करतो. ती पहाटेपासून उभी असते. मोठ्या दुकानात छापील किंमत असते, तिथे आपण एक शब्द बोलत नाही. घासाघीस करू नये असे मी म्हणत नाही, मला स्वतःला ती सुटणार नाही. पण कोणाशी करतो आणि कोणाशी करत नाही, एवढे पाहावे.

आता त्या कपाचे पुढे काय झाले ते सांगते, नाहीतर आपण घरी जाऊन तर्क करीत बसाल.

दुसऱ्या दिवशी मी तो कप काढून टाकला आणि बाईंना आमच्या नेहमीच्या कपात चहा दिला. मला वाटले होते, त्यांना बरे वाटेल. खरे सांगते, मला वाटले होते त्यांचे डोळे भरून येतील. त्यांनी चहा घेतला नाही. “माझा कप खय गेलो?” म्हणून विचारले. त्या मूळच्या मालवणकडच्या. मी म्हणाले, आता ह्यातूनच प्यायचा. त्या म्हणाल्या, “नको. सवय नाय.” दोन आठवडे त्यांनी आमच्या घरी चहा घेतला नाही. माझा राग येऊ लागला होता. मी एवढे केले आणि ही बाई कप हातात धरत नाही! मग उमगले की ‘एवढे’ म्हणजे काय केले होते? एवढी वर्षे जे करायला नको होते, ते फक्त थांबवले होते. त्याचे आभार मला हवे होते.

तिसऱ्या आठवड्यात मी माझा चहा घेऊन मोरीजवळच्या पायरीवर त्यांच्या बाजूला बसले. काही ठरवून बसले नाही, पाठ दुखत होती म्हणून बसले. दुसरा कप मध्ये ठेवला. बऱ्याच वेळाने त्यांनी तो उचलला. चहा निवला होता. त्या प्यायल्या आणि म्हणाल्या, “बाई, इतकी वर्सा तुमका काय झाला होता?” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि ती थट्टाही नव्हती. त्यांना खरोखर जाणून घ्यायचे होते. मी उत्तर देऊ शकले नाही. त्या आजही कधी चहा घेतात, कधी नको म्हणतात. मी आग्रह करणे सोडले आहे.

वेळ झाली आहे, अध्यक्षीणबाई घड्याळाकडे पाहत आहेत. एक सूचना करून खाली बसते. दर गुरुवारी दुपारी आपले शास्त्राभ्यासाचे वर्ग असतात. पुढच्या गुरुवारपासून वर्ग संपल्यावर अर्धा तास ‘स्मृतिचित्रे’ मोठ्याने वाचावी असे आम्ही काही जणींनी ठरवले आहे, पहिल्या पानापासून, काही न गाळता. माझ्याकडे एक प्रत आहे, पण तिची मधली पाने सुटली आहेत. ज्यांच्या घरी धड प्रत असेल त्यांनी आणावी. ज्यांना चष्म्याशिवाय वाचता येत नाही त्यांनी ऐकायला यावे. आणि ह्या वर्गाला यायला बाप्तिस्म्याचा दाखला लागत नाही, हे आपल्या शेजारणींना मी आत्ताच सांगून ठेवते.